गरोदरपण, उजवीकडचं दुखणं आणि अपेंडिक्स: माझा अनुभव, तुमचेही लिहा

निळीशाई

लेक शेजारी झोपली आहे, तेवढ्यात लिहून काढते. गेले कित्येक महिने हे लिहीन लिहीन म्हणत होते.

मला तेविसावा आठवडा चालू होता. एका संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. कळ म्हणावी अशी नव्हती, नुसतं जड आणि ढवळल्यासारखं. जेवायची इच्छाच गेली. मग मळमळायला लागलं. माझ्या उलट्या तिसऱ्या महिन्यानंतर पूर्ण थांबल्या होत्या, त्यामुळे ते मला विचित्र वाटलं, पण गरोदरपणात काहीही होऊ शकतं असं म्हणून मी स्वतःचीच समजूत घातली. मध्यरात्रीपर्यंत दुखणं उजवीकडे सरकलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. खोकलं, शिंकलं, कुशीवर वळलं की जीव जायचा.

सकाळी फोन केला. "गर्भाशय वाढतंय, बंध ताणले जातात, होतं असं." पॅरासिटामॉल घेतली, पडून राहिले. संध्याकाळी अंगात कणकण आली म्हणून दवाखान्यात गेलो. बाळाचे ठोके ऐकवले, सोनोग्राफी झाली. बाळ छान होतं, पाणी छान होतं, वार जागेवर होती. हे ऐकल्यावर माझ्यासकट सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या पोटात काय चाललंय हा प्रश्न त्या आनंदात तसाच राहून गेला. रक्तात पांढऱ्या पेशी १६,००० निघाल्या, तर "गरोदरपणात वाढतातच". अपेंडिक्स सोनोग्राफीत दिसलं नव्हतं. रिपोर्टात तसं एका ओळीत लिहिलेलंही होतं. ती ओळ कोणी मोठ्याने वाचली नाही, मीही नाही.

दुसऱ्या रात्री ताप १०१ झाला तेव्हा मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जन बाईंनी पोटावर हात ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दुखणं आधी कुठे होतं?" तोपर्यंत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. तासाभरात एमआरआय, आणि पहाटे दुर्बिणीतून ऑपरेशन. अपेंडिक्सचं टोक काळं पडलं होतं, फुटायच्या बेतात होतं. दुखायला लागल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत ३४ तास गेले होते.

पुढे सगळं नीट झालं. लेक पूर्ण दिवसांची आली. पण ते ३४ तास माझ्या मनातून जात नाहीत. त्यात कोणी हलगर्जीपणा केला असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकाने मला धीरच दिला, आणि त्या धीर देण्यातच वेळ गेला. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनी लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर कृपया त्यांनीही.

---

रात्रपाळी

मी प्रसूतीकक्षात परिचारिका आहे. "बाळ छान आहे" हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा बोलतो आणि ते खरंच असतं. पण ते बाळाबद्दलचं उत्तर आहे. आई कशामुळे दुखतंय म्हणून आली, त्याचं उत्तर त्यात नाही. तुमचं लिखाण वाचून हे मला नव्याने जाणवलं.

फोन करणाऱ्या बायकांना एक सांगते. "पोटात दुखतंय" एवढंच सांगू नका. कधी सुरू झालं, आधी कुठे होतं, आता कुठे आहे, चालताना-खोकताना वाढतं का, भूक आहे का, ताप किती, हे सांगा. कळा येऊन जातात का दुखणं सलग आहे, हेही सांगा. कळ येते, चढते, उतरते, मध्ये मोकळीक देते. अपेंडिक्सचं दुखणं अशी मोकळीक देत नाही. फोन घेणारी माणसं त्या उत्तरांवरच ठरवतात की लगेच बोलवायचं की उद्या.

---

टाका-दोरा

धागाकर्तीचे आभार. मी सर्जन आहे, जरा सविस्तर लिहितो.

गरोदरपणात बाळंतपणाशी संबंध नसलेल्या कारणासाठी तातडीचं ऑपरेशन करावं लागतं, त्यात सगळ्यात पुढचं नाव अपेंडिक्सचं. साधारण दीड हजार गरोदरपणांत एक. म्हणजे दुर्मीळ नाही, पण एखाद्या प्रसूतितज्ज्ञाला रोज दिसावं इतकं सर्रासही नाही. त्यामुळे रोजचीच कारणं आधी आठवतात.

दुखणं बेंबीपासून उजवीकडे का सरकतं? अपेंडिक्सचं तोंड बंद होऊन ते फुगायला लागलं की आतड्याच्या नसा मेंदूला फक्त "मध्यावर कुठेतरी" एवढाच निरोप देतात. सूज बाहेरच्या आवरणापर्यंत आली आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मगच दुखणं नेमक्या जागी येतं. म्हणून "आधी कुठे होतं" हा प्रश्न फार मोलाचा.

गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकतं हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९३२ मध्ये बेअर आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचे बेरियम देऊन एक्स-रे काढले आणि महिने वाढतात तसं ते वर जातं असं मांडलं. ते वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. नंतरच्या अभ्यासांत इतकं सरसकट सरकणं दिसलं नाही. व्यवहारात बहुतेकींना, अगदी शेवटच्या महिन्यांतही, उजवीकडे खालीच दुखतं. काहींना बरगडीखाली किंवा कमरेत दुखतं. म्हणून खाली दुखतंय म्हणजे अपेंडिक्स नसणार, किंवा वर दुखतंय म्हणजे पित्ताशयच असणार, असं धरून चालू नये.

फसवणूक करणारी दुसरी गोष्ट म्हणजे पोटाचं मऊपण. एरवी अपेंडिक्सने पोट लाकडासारखं ताठ होतं. गरोदरपणात मोठं झालेलं गर्भाशय पोटाची पुढची भिंत उचलून धरतं, सुजलेलं अपेंडिक्स तिला टेकतच नाही, आणि पोट मऊ लागतं. पांढऱ्या पेशींचंही तसंच. एरवी ११,००० च्या वर गेल्या की आम्ही कान टवकारतो, गरोदरपणात त्या १४-१५ हजारांपर्यंत सहज असतात आणि प्रसूतीच्या कळांत २०,००० च्याही पुढे जातात. एकच आकडा पाहून "आहे" म्हणता येत नाही आणि "नाही" तर मुळीच म्हणता येत नाही. लघवीच्या तपासणीत पेशी दिसल्या म्हणून लघवीचा संसर्ग ठरवून मोकळं होणं हीसुद्धा नेहमीची चूक. अपेंडिक्स मूत्रनलिकेला किंवा मूत्राशयाला टेकून सुजलं तरी लघवीत पेशी येतात.

तपासताना एक साधी गोष्ट करता येते. पाठीवर झोपलेली असताना जिथे दुखतं तिथे बोट ठेवायचं आणि तिला डाव्या कुशीवर वळवायचं. गर्भाशय डावीकडे कलतं. दुखणं त्याच्याबरोबर सरकलं तर ते गर्भाशयाचं किंवा त्याच्या बंधांचं असण्याची शक्यता जास्त. जागचं हललं नाही तर गर्भाशयाबाहेरचं काही असू शकतं. याने निदान पक्कं होत नाही, पण पुढे कुठे पाहायचं ते कळतं. घरी करून निष्कर्ष मात्र काढू नका.

राहिला उशीर. अपेंडिक्स न फुटता काढलं तर बाळ गमावण्याचं प्रमाण शेकडा दोन-तीनच्या आसपास राहतं. फुटून पू पसरला की जुन्या नोंदींत ते वीस ते पस्तीसपर्यंत गेलेलं आहे. १९०८ मध्ये बॅबलर नावाच्या अमेरिकन सर्जनने लिहून ठेवलंय की गरोदरपणातल्या अपेंडिक्सने होणारे मृत्यू हे उशीर केल्यामुळे होणारे मृत्यू असतात. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, सोनोग्राफी नव्हती. आज ती आहेत आणि तरी ते वाक्य मी दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांना सांगतो.

---

पाऊलवाट

डॉक्टर, हा धागा योगायोगाने समोर आला. माझी वहिनी सत्ताविसाव्या आठवड्यात आहे. काल रात्रीपासून उजव्या बाजूला खूप दुखतंय, दोनदा उलटी झाली. ताप नाही. दवाखान्यातून सांगितलं की सकाळी सोनोग्राफीला या. आई म्हणते की काही झालं तरी या महिन्यात ऑपरेशन नको. दादाला काही सुचत नाहीये. सकाळपर्यंत थांबावं का?

---

टाका-दोरा

@पाऊलवाट, इथून निदान करता येत नाही, कोणी करूही नये. पण सत्ताविसावा आठवडा, रात्रभर सलग दुखणं आणि उलट्या, एवढ्यावर सकाळची वाट पाहू नका. आत्ता निघा. जिथे सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि कमी दिवसांच्या बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली आहे तिथे जा. ताप नसणं याचा दिलासा धरू नका, अपेंडिक्समध्ये तो बऱ्याचदा उशिरा येतो किंवा येतच नाही.

जाईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, ऑपरेशन लागलंच तर पोट रिकामं असलेलं बरं. पोट साफ व्हायचं औषध अजिबात नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नकोत, विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि पुढे हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देऊ शकतात. वाटेत डाव्या कुशीवर झोपवा. दाखल झाल्यावर मात्र वेदनाशामक द्यायला सांगा. औषध दिलं की दुखण्याची जागा कळत नाही ही समजूत जुनी झाली.

---

पाऊलवाट

निघतोय. दादाला धागा वाचायला दिलाय.

---

जुनीजाणती

निळीशाई, तुमचं सगळं नीट झालं हे वाचून बरं वाटलं. पण पाऊलवाट यांच्या आईची भीतीही समजून घ्या. आमच्या नात्यात एकीचं पाचव्या महिन्यात पोटाचं ऑपरेशन झालं आणि चार दिवसांनी बाळ गेलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या म्हणतात, भूल दिली म्हणून गेलं. भुलीचं औषध बाळाला पोहोचतं हे तर खरंच ना?

---

मंदवारा

@जुनीजाणती, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी भूलतज्ज्ञ आहे.

हो, भुलीची बहुतेक औषधं वारेतून बाळापर्यंत जातात. आईबरोबर बाळही झोपतं, काही वेळ त्याच्या ठोक्यांतला चढउतार कमी होतो, आणि औषध उतरलं की ते पूर्ववत होतं. आज वापरली जाणारी भुलीची औषधं नेहमीच्या मात्रेत दिली असता कोणत्याही महिन्यात बाळात व्यंग निर्माण करतात असं आढळलेलं नाही. आमची खरी काळजी दुसरीच असते: आईचा रक्तदाब पडू नये आणि ऑक्सिजन कमी होऊ नये. बाळाचं सगळं त्यावर चालतं. विसाव्या आठवड्यानंतर बाई सरळ पाठीवर झोपली की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. म्हणून टेबल डावीकडे कलवतो. गरोदरपणात पोटातलं सहज उलटून वर येतं, म्हणून श्वासनलिकेत नळी झटपट आणि विशेष सावधपणे घालतो. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बाळाचे ठोके पाहिले जातात.

ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. पण बऱ्याच वेळा ऑपरेशन ज्या आजारासाठी झालं, तो आजार आणि पोटात पसरलेला संसर्गच बाळाला पेलत नाही. संसर्गाने कळा सुरू होतात. दोष मात्र शेवटी घडलेल्या गोष्टीला, म्हणजे भुलीला लागतो.

जे ऑपरेशन थांबू शकतं ते बाळंतपणानंतरच करावं, यात दुमत नाही. अपेंडिक्स त्यात बसत नाही.

---

जुनीजाणती

डावीकडे कलवतात हे माहीत नव्हतं. एवढा विचार बाळाचा होतो हे कोणी आम्हाला त्या वेळी सांगितलं असतं तर इतकी वर्षं मनात धरून बसलो नसतो.

---

वाचनखूण

एक प्रामाणिक शंका. हल्ली ऑपरेशनशिवाय नुसत्या अँटिबायोटिक्सवर अपेंडिक्स बरं करतात. २०२० मध्ये अमेरिकेतला कोडा नावाचा मोठा अभ्यास आला होता, दीड हजारांवर रुग्णांचा, आणि त्यात अँटिबायोटिक्स ऑपरेशनच्या तोडीस तोड ठरली. मग गरोदर बाईलाच का कापायचं? तिला तर ऑपरेशन टाळण्याची गरज सगळ्यात जास्त.

---

टाका-दोरा

अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्यात गरोदर स्त्रियांना घेतलंच नव्हतं. शिवाय त्यातच अँटिबायोटिक्सवर ठेवलेल्या दर दहांपैकी जवळजवळ तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन करावं लागलं, आणि अपेंडिक्समध्ये खडा असेल तर दहांपैकी चौघांना. एरवीच्या माणसाला हे चालण्यासारखं आहे. औषध लागू पडलं नाही तर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू, त्याचं फार बिघडत नाही.

गरोदर बाईच्या बाबतीत ती "पुढच्या आठवड्यात" पुन्हा आली तर अपेंडिक्स जास्त सुजलेलं, गर्भाशय आणखी मोठं आणि संसर्गाची किंमत बाळ मोजणार. काही ठिकाणी निवडक स्त्रियांना फक्त औषधांवर ठेवलं गेलंय, त्यातल्या काही बऱ्याही झाल्यात. ऑपरेशन स्वतःच फार धोक्याचं ठरेल अशी बाई असेल, किंवा गळू होऊन ते आधीच बांधलं गेलं असेल, तर मीही वेगळा विचार करीन. पण निदान पक्कं असेल तर माझं मत ऑपरेशनच्याच बाजूने आहे.

अँटिबायोटिक मात्र ऑपरेशनच्या जोडीला लागतंच, आणि निदान होताक्षणी सुरू होतं. सेफलोस्पोरिन गटातलं औषध आणि मेट्रोनिडाझोल ही नेहमीची जोडी गरोदरपणात चालते. टेट्रासायक्लिन टाळतात.

दुर्बिणीबद्दल विचारायच्या आधीच लिहितो. पूर्वी सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दुर्बीण नको असं मानत. आता कोणत्याही महिन्यात करता येते, सर्जनचा हात बसलेला हवा. पहिलं छिद्र नेहमीच्या जागी न घेता गर्भाशयाच्या उंचीप्रमाणे वर घेतात आणि वायूचा दाब मर्यादेत ठेवतात. अगदी शेवटच्या महिन्यांत जागाच उरत नसेल तर सरळ छोटा छेद घेणं केव्हाही चांगलं. दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढलं ते १९८० मध्ये जर्मनीतल्या कुर्ट झेम यांनी, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. या धाग्यावर त्यांची आठवण निघायलाच हवी.

---

सावलीवाचक

मी रेडिओलॉजिस्ट. निळीशाई, रिपोर्टातल्या "त्या एका ओळीने" मला अस्वस्थ केलं, कारण ती ओळ मी स्वतः शेकडो वेळा लिहिली आहे.

सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं, दाबूनही चपटं होत नाही, जाडी ६ मिलिमीटरच्या वर आहे, तर निदान झालं. पण महिने भरत जातात तसं ते दिसणंच कठीण होतं. गर्भाशय आडवं येतं, प्रोब दाबायला जागा नसते. "दिसलं नाही" म्हणजे "चांगलं आहे" असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ प्रश्न अजून उघडा आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी आता सांगते की ती ओळ नुसती लिहून सोडू नका, फोन उचलून पाठवणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

त्यापुढची पायरी एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य गरोदरपणात टाळायचं आणि या तपासणीत ते लागतही नाही. एमआरआय उपलब्ध नसेल, वेळ हातातून जात असेल, तर सीटी करावा. त्याची भीती अवाजवी आहे. पोटाच्या एका सीटीत बाळापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग सहसा ५० मिलिग्रेच्या आत राहतो, आणि व्यंगाची चिंता त्याच्या वरच्या मात्रांत सुरू होते. विनाकारण करू नये हे आलंच. पण सीटी नको म्हणून अपेंडिक्स फुटू देणं हा बाळासाठी कितीतरी मोठा धोका.

आता टाका-दोरा यांच्या लिखाणात एक भर घालते. उशीर वाईट, हे मान्य. पण नुसत्या संशयावर पोट उघडलं आणि अपेंडिक्स चांगलं निघालं, तर "काही बिघडलं नाही" असं आपण पूर्वी म्हणायचो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ऑपरेशन झालेल्या तीन हजारांवर गरोदर स्त्रियांचा. साध्या अपेंडिक्समध्ये बाळ गमावण्याचं प्रमाण शेकडा २ होतं, फुटलेल्या किंवा गुंतागुंतीच्यात ६. आणि ज्यांचं अपेंडिक्स मुळात चांगलंच निघालं त्यांच्यात ४. त्यातल्या काहींना दुसराच आजार असेल आणि तो तसाच राहिला असेल, हेही शक्य आहे. पण मला त्यातून एवढं कळलं की घाईघाईने उघडणं हा थांबण्याइतकाच महागडा मार्ग असू शकतो. तपासणी लवकर झाली तर दोन्ही टळतं.

---

टाका-दोरा

भर मान्य. माझ्या लिखाणात तो भाग राहिला होता.

---

पाऊलवाट

दाखल केलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ दोघंही बघून गेले. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, आणि दादाने लगेच विचारलं, "म्हणजे नाही, की दिसलं नाही?" डॉक्टर म्हणाले, दिसलं नाही, एमआरआय करतोय. आई खाली मान घालून बसली आहे. तिला मंदवारांचा प्रतिसाद वाचून दाखवला.

---

पानगळ

लिहू का नको करत होते.

माझं एकोणिसाव्या आठवड्यात फुटलं. तीन दिवस मी अंगावर काढलं. कोणी अडवलं नव्हतं, मीच गेले नाही. कामाची गडबड होती आणि दर वेळी थोडं कमी झाल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुखणं अचानक एकदम थांबलं. मला वाटलं, सुटले. ते फुटलं होतं. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. मी वाचले, बाळ नाही.

ते अचानक थांबणं कोणाला माहीत नसतं, म्हणून लिहिलं. बाकी काही विचारू नका कृपया.

---

निळीशाई

पानगळ, काही विचारणार नाही. तुम्ही लिहिलंत.

---

टाका-दोरा

पानगळ यांनी लिहिलेलं प्रत्येकाने वाचावं. फुगलेल्या अपेंडिक्समधला दाब फुटल्यावर एकदम उतरतो, म्हणून काही तास बरं वाटू शकतं. मग पू पसरला की पुन्हा पूर्ण पोट दुखायला लागतं. तुमची त्यात चूक नव्हती. दुखणं थांबलं की माणूस निःश्वासच सोडणार.

---

पाऊलवाट

एमआरआय झाला. अपेंडिक्स पूर्ण दिसलं आणि चांगलं आहे! उजव्या मूत्रनलिकेत खालच्या बाजूला खडा आहे, त्याच्या वरचा भाग फुगलाय. सलाईन आणि दुखणं थांबवायची औषधं चालू आहेत, खडा आपोआप पडतो का ते पाहणार आहेत. नाहीच पडला किंवा ताप आला तर नळी घालावी लागेल म्हणाले. वहिनी बऱ्याच तासांनी झोपली.

तुम्हा सगळ्यांना उगाच धावपळ करायला लावली असं आता वाटतंय.

---

सावलीवाचक

अजिबात उगाच नाही. गरोदरपणात उजवी मूत्रनलिका एरवीही थोडी फुगलेली असते, त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीवर "नेहमीचंच आहे" म्हणून हाही खडा निसटू शकला असता. उजवीकडच्या दुखण्यामागे खडा असतो, पीळ पडलेलं अंडाशय असतं, मूत्रपिंडाचा संसर्ग असतो, रक्तदाबाशी जोडलेला यकृताचा त्रास असतो, वार सुटणं असतं. यातलं एकही घरी बसून पाहण्यासारखं नाही.

---

निळीशाई

पाऊलवाट, फार बरं वाटलं. खरं सांगू, तुमचा पहिला प्रतिसाद वाचला तेव्हा मी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं की हे अपेंडिक्सच आहे आणि लगेच ऑपरेशन व्हायला हवं. माझं तेच होतं म्हणून तिचंही तेच असणार असं वाटत होतं. सावलीवाचक यांनी मधला मुद्दा लिहिला नसता तर मी इथे येऊन तुम्हाला "ऑपरेशनचा आग्रह धरा" असंच सांगितलं असतं. धाग्याच्या सुरुवातीला मी लिहायला हवं होतं ते असं: ऑपरेशनचा नव्हे, त्याच दिवशी निदानाचा आग्रह धरा.

---

ओंजळभर

धागा वर काढतेय. माझं अपेंडिक्स अठराव्या आठवड्यात दुर्बिणीतून काढलं. आता पस्तिसावा चालू आहे. ऑपरेशननंतर दोन दिवस पोट आवळल्यासारखं व्हायचं, पण कळा थांबवायचं औषध दिलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं. ते बरोबर होतं का? आणि दुसरं, घरात सगळे धरून चाललेत की आता सिझेरियनच होणार, कारण जोर लावला की आतले टाके सुटतील. निळीशाई, तुमचं कसं झालं?

---

टाका-दोरा

बरोबरच केलं. कळा थांबवायची औषधं सरसकट आधीपासून देऊन फायदा होतो असं दिसलेलं नाही. खरंच अकाली प्रसूतीची लक्षणं दिसली तरच प्रसूतितज्ज्ञ ती देतात, आणि २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शनही. तुमचा अठरावा आठवडा होता, तेव्हा नुसतं लक्ष ठेवणंच योग्य.

टाक्यांबद्दल: ऑपरेशन आतड्याच्या टोकाला झालंय, गर्भाशयाला हातही लावलेला नाही. सतरा आठवड्यांत पोटाची भिंत छान भरून येते. केवळ अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून सिझेरियन करत नाहीत. ते ठरेल बाळाच्या आणि तुमच्या बाळंतपणाच्या कारणांवरून.

---

निळीशाई

ओंजळभर, माझं नॉर्मल झालं. जोर लावताना मलाही तीच भीती वाटत होती, म्हणून मध्येच थांबून सुईणताईंना विचारलं, टाके सुटणार नाहीत ना? त्यांनी माझा हात धरून त्या छोट्या व्रणावर ठेवला आणि म्हणाल्या, बघ, केव्हाच भरलाय. त्यानंतर वीस मिनिटांत लेक आली.